प्राग पायी बघताना: कुठून चढायचं, कुठून उतरायचं आणि किती वाजता

प्रागमध्ये काय बघायचं याची यादी कुणीही दोन मिनिटांत देईल. चार्ल्स ब्रिज, किल्ला, खगोलीय घड्याळ, ज्यू वस्ती. ही सगळी ठिकाणं व्ल्तावा नदीच्या दोन काठांवर, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. तरीही पहिल्यांदा आलेले बरेच लोक संध्याकाळी पाय सुजवून आणि निम्मं बघायचं ठेवून परततात. कारण एकच, क्रम चुकतो. दहा वाजता पुलावर पोचायचं, तिथून भर दुपारी किल्ल्याचा चढ पायी चढायचा आणि वर गेल्यावर कॅथीड्रलच्या रांगेत उभं राहायचं, हा सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात वाईट क्रम. त्यापेक्षा सोपा रस्ता पुढे दिला आहे. दोन पूर्ण दिवस धरले आहेत, तिसरा मिळाला तर उत्तमच.

आधी नकाशा डोक्यात बसवा

व्ल्तावा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. पूर्वेच्या, म्हणजे उजव्या काठावर सपाट भाग आहे: जुनं शहर (स्तारे मेस्तो), त्याला लागून ज्यू वस्ती योझेफोव, आणि राजा चौथ्या चार्ल्सने १३४८ मध्ये वसवलेलं ‘नवं’ शहर. पश्चिमेच्या, डाव्या काठावर टेकडी आहे. तिच्या पायथ्याशी माला स्त्राना ही वस्ती आणि माथ्यावर किल्ला व त्याला लागून ह्रादचानी.

एवढ्यावरून प्रकाशाचं गणित कळतं. सकाळी सूर्य जुन्या शहराच्या बाजूने वर येतो आणि किल्ल्यावर समोरून ऊन पडतं. तेव्हा किल्ल्याचे फोटो सकाळी, उजव्या काठावरून किंवा पुलावरून. वरून खालच्या लाल कौलांचे फोटो काढायचे तर दुपारनंतर, सूर्य पाठीशी गेल्यावर. सकाळी नऊला किल्ल्यावरून शहराकडे कॅमेरा रोखला की ऊन थेट भिंगात येतं आणि सगळं धुरकट दिसतं. फोनला दोष देऊ नका.

दिवस किती मोठा आहे तेही बघा. जूनमध्ये पाच वाजायच्या आत उजाडतं आणि रात्री नऊनंतर मावळतं. डिसेंबरात आठच्या सुमारास उजाडून चारच्या सुमारास अंधारतं. हिवाळ्यात येणाऱ्यांनी दोन दिवसांचा बेत सरळ तीन दिवसांचा करावा.

विमानतळावरून, आणि तिकिटाबद्दल नीट

वात्स्लाव हावेल विमानतळाला मेट्रो नाही. बाहेर पडल्यावर ५९ क्रमांकाची ट्रॉलीबस घ्यायची, ती ‘नाद्राझी वेलेस्लावीन’ या मेट्रो स्थानकावर सोडते. तिथून हिरवी ‘ए’ लाइन. हीच लाइन पुढे मालोस्त्रान्स्का (किल्ल्याचा पायथा), स्तारोमेस्त्स्का (जुनं शहर), मूस्तेक आणि मुझेउम (वात्स्लाव चौकाची दोन टोकं) अशी जाते. हॉटेल शोधताना या चारपैकी एखादं स्थानक जवळ असेल असं बघा, निम्मी पायपीट वाचते.

मेट्रो, ट्राम आणि बस यांना एकच तिकीट चालतं आणि ते वेळेवर असतं, अंतरावर नाही. ३० मिनिटांचं, ९० मिनिटांचं, २४ तासांचं आणि ७२ तासांचं. २४ तास म्हणजे यंत्रात तिकिटावर वेळ छापल्या क्षणापासून २४ तास, मध्यरात्रीपर्यंत नव्हे. दुपारी दोनला सुरू केलेलं तिकीट दुसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत चालतं. दिवसाला तीन-चार फेऱ्या होणार असतील तर हेच घ्यावं.

दंड भरणाऱ्या पाहुण्यांच्या खिशात बहुतेकदा तिकीट असतंच. छापलेलं नसतं, एवढंच. कागदी तिकीट मेट्रोच्या दारातल्या किंवा ट्राममधल्या पिवळ्या यंत्रात सारून त्यावर वेळ उमटवावी लागते, आणि ती एकदाच. खात्री करायला म्हणून दुसऱ्यांदा सारलंत तर तिकीट बाद होतं. ट्राममध्ये कार्ड टेकवून तिकीट काढायचं यंत्रही असतं. त्यातून निघालेलं तिकीट आधीच छापलेलं असतं. फोनच्या अ‍ॅपवरचं तिकीट मात्र सुरू केल्यावर लागू व्हायला थोडा वेळ घेतं, म्हणून ते मेट्रोच्या दारातून आत शिरण्याआधी किंवा थांब्यावर असतानाच सुरू करा, तपासनीस दिसल्यावर नव्हे. तपासनीस साध्या कपड्यांत असतात आणि बिल्ला दाखवतात. मेट्रोला आपल्याकडच्यासारखी अडवणारी फाटकं नाहीत. त्यामुळे विनातिकीट आत शिरणं सोपं आहे आणि पकडलं जाणंही. १५ वर्षांखालच्या मुलांना प्रवास फुकट आहे, पण वयाचा पुरावा जवळ हवा. ज्येष्ठांसाठी सवलतीचा नियम तिकीट खिडकीवर पासपोर्ट दाखवून विचारून घ्या.

रस्ता ओलांडताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: चेकमध्ये झेब्रा क्रॉसिंगवरसुद्धा ट्रामला थांबण्याची सक्ती नाही. गाड्या थांबतात, त्या बघून आपण पाऊल टाकतो आणि पाठीमागून ट्राम घंटा वाजवते. आधी रुळांकडे बघा, मग पट्ट्यांकडे.

(नव्या ट्रामवर ‘श्कोदा’ ही पाटी दिसेल. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात कारखाना असलेली स्कोडा आणि ही ट्रामवाली स्कोडा आज वेगळ्या कंपन्या आहेत, मूळ मात्र एकच: पिल्झेन शहरातला जुना कारखाना, ज्याने १९२५ मध्ये मोटारी बनवणारी कंपनी आपल्यात घेतली.)

पैसे

चलन कोरुना. दुकानदार युरो घेतात, पण दर त्यांचा असतो. सगळ्यात बरं म्हणजे कार्ड. एटीएममधून काढायचे तर बँकेच्या इमारतीला लागून असलेल्या यंत्रातून काढा. ‘तुमच्या चलनात हिशेब करून घ्यायचा का’ असं यंत्राने किंवा हॉटेलवाल्याने विचारलं की नाही म्हणायचं आणि कोरुनातच रक्कम मंजूर करायची. रुपयांत आकडा दिसला म्हणून बरं वाटतं खरं, पण दर त्यांनी लावलेला असतो.

रस्त्यात येऊन ‘चेंज?’ विचारणाऱ्याला थांबून उत्तरही देऊ नका. दुसऱ्याच देशाच्या, काहीही किंमत नसलेल्या नोटा हातात पडतात. दुकानातून बदलून घेतले आणि दर वाईट निघाला तर २०१९ पासून कायद्याने सोय आहे: हजार युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत पावती दाखवून रद्द करता येतो. म्हणून पावती फेकू नका. थोडी नाणी खिशात ठेवाच, सार्वजनिक शौचालयांना पैसे पडतात.

पहिला दिवस: पूल सकाळी, किल्ला वरून खाली

उन्हाळ्यात साडेसहाला, हिवाळ्यात उजाडता उजाडता स्तारोमेस्त्स्का स्थानकातून बाहेर पडा आणि नदीच्या दिशेने चाला. पाच-सात मिनिटांत चार्ल्स ब्रिजचा जुन्या शहराकडचा मनोरा येतो. नऊनंतर याच पुलावर सरळ चालणंही कठीण होतं. साडेसहाला मात्र फोटो काढणारे, पळायला आलेले आणि एखादं लग्नाच्या कपड्यांतलं जोडपं, एवढेच असतात.

पुलावर जाण्याआधी उजवीकडच्या काठाच्या भिंतीत दगडी दाढीवाल्याचं तोंड शोधा. याला ब्रादाच म्हणतात. आधीच्या युदित पुलापासून उरलेलं हे शिल्प. नदीचं पाणी त्याच्या तोंडापर्यंत चढत आलं की काठावरचे लोक सामान उचलायला लागायचे. तो युदित पूल १३४२ च्या पुरात वाहून गेला. आताच्या पुलाचं काम १३५७ मध्ये सुरू झालं. पुढे १८९० च्या पुरात यालाही दणका बसला आणि तीन कमानी पडल्या. २००२ चा पूर मात्र त्याने झेलला.

पूल ५१६ मीटर लांब, १६ कमानींचा. दोन्ही कठड्यांवर मिळून ३० पुतळे व शिल्पसमूह आहेत, बहुतेक १६८३ ते १७१४ या काळातले. आज उभे आहेत त्यांतले बरेचसे नकला आहेत. मूळ दगड हवेने झिजू लागले म्हणून आत नेले. खरं बघायचं असेल त्यांच्यासाठी काही मूळ शिल्पं विशेह्राद या दुसऱ्या जुन्या किल्ल्याच्या तटाखालच्या गोर्लिसे दालनात ठेवली आहेत.

सगळे तीस बघत बसू नका. उजव्या हाताचा आठवा पुतळा मात्र चुकवायचा नाही. हा नेपोमुकचा यान, १६८३ चा, पुलावरचा सगळ्यात जुना आणि ब्राँझचा. राजा चौथ्या वात्स्लावच्या हुकमावरून १३९३ मध्ये या धर्मगुरूला पुलावरून नदीत टाकलं. पुतळ्याच्या चौथऱ्यावर दोन पट्ट आहेत. एकावर पुलावरून टाकण्याचा प्रसंग आहे, दुसऱ्यावर कुत्र्याला कुरवाळणारा शिपाई. दोन्ही हात लावून लावून पिवळेधमक झालेत आणि बाकीचा भाग काळा राहिला आहे. कुत्रा घासायची प्रथा बहुधा पाहूनपाहूनच पसरली असावी. ज्या जागी टाकलं असं मानतात ती जागा थोडी अलीकडे, त्याच बाजूच्या कठड्यावर आहे. तिथे पाच ताऱ्यांचा पितळी क्रूस बसवला आहे. रांगेत उभ्या असलेल्या दहापैकी नऊ लोकांना तो माहीत नसतो, त्यामुळे तिथे निवांत उभं राहता येतं.

पलीकडच्या टोकाला दोन बुरूज आहेत, एक बुटका आणि एक उंच. बुटका हा त्या वाहून गेलेल्या युदित पुलाच्या काळचा, बाराव्या शतकातला.

आता खरी युक्ती. पूल उतरून मोस्तेत्स्का गल्लीने माला स्त्रानाच्या चौकात या, पण समोरची नेरुदोवा गल्ली चढू नका. चौकातल्या थांब्यावर ‘बीला होरा’ दिशेची २२ नंबरची ट्राम पकडा आणि ‘पोहोर्जेलेत्स’ला उतरा. ट्राम टेकडीला वळसा घालून किल्ल्याच्याही वर आणून सोडते. इथून पुढे दिवसभर उतार. या ट्राममध्ये खिसेकापू नेहमीचे. सॅक पोटावर घ्या आणि दाराजवळची ढकलाढकली टाळा.

पोहोर्जेलेत्सपासून दोन मिनिटांवर स्त्रहोव मठ आहे. त्याच्या दोन ग्रंथालय-दालनांत आत फिरू देत नाहीत, दारातूनच बघायचं. छतावरची चित्रं त्यासाठीसुद्धा बघावीत अशी आहेत. पण ती नऊनंतरची गोष्ट. वेळ कमी असेल तर मठामागच्या कठड्यावरून एक नजर टाका आणि लोरेता चर्चवरून उतरत ह्रादचानी चौकात या. नऊला पाच कमी असताना किल्ल्याच्या दारात असलात तर गणित जमलं.

किल्ल्याची अंगणं सकाळी सहा ते रात्री दहा उघडी आणि फुकट असतात. इमारती नऊला उघडतात. एप्रिल ते ऑक्टोबर पाचपर्यंत, बाकी महिन्यांत चारपर्यंत. दारात बॅगा तपासल्या जाऊ शकतात, त्यामुळे मोठी सॅक हॉटेलवरच ठेवा. मुख्य तिकिटात संत वीत कॅथीड्रल, जुना राजवाडा, संत जॉर्जचं चर्च आणि सोनेरी गल्ली येतात. ते दोन दिवस चालतं, पण प्रत्येक इमारतीत एकदाच सोडतात. रविवारी सकाळी प्रार्थना असल्याने कॅथीड्रल पर्यटकांना दुपारी बाराला उघडतं. रविवार पहिला दिवस पडत असेल तर दोन दिवसांची अदलाबदल करा.

आत गेल्यागेल्या इतरत्र न रेंगाळता कॅथीड्रलमध्ये घुसा. तासाभरात मोठे गट यायला लागतात. काम १३४४ मध्ये सुरू झालं आणि १९२९ मध्ये पुरं झालं, यात मध्ये काही शतकं नुसतीच अर्धवट गेली. हे बाहेरून कळतं. समोरचे, म्हणजे पश्चिमेचे दोन जुळे मनोरे जुने वाटतात पण तेच नवे आहेत. खरा मध्ययुगीन भाग मागचा, आणि बाजूचा दक्षिणेकडचा उंच मनोरा. आत गेल्यावर डाव्या हाताला तिसऱ्या कोनाड्यात १९३१ ची, चित्रकार अल्फोन्स मुखाची रंगीत खिडकी आहे. इतर खिडक्यांत काचेचे तुकडे शिशाने जोडलेत, इथे काचेवरच चित्र रंगवलं आहे. जवळ जाऊन चेहऱ्यांकडे बघितलं की फरक कळतो. पुढे गर्भगृहाच्या उजव्या अंगाला नेपोमुकच्या यानची चांदीची समाधी, सुमारे दोन टन चांदीची. सकाळी पुलावर पाहिलेला तोच हा. संत वात्स्लावच्या चॅपेलमध्ये (हा पुलाच्या गोष्टीतला राजा नव्हे) पाऊल ठेवता येत नाही, उंबऱ्यावरून बघायचं. भिंतीत मौल्यवान खडे जडवलेले आहेत, डोळे अंधाराला सरावेपर्यंत अर्धा मिनिट थांबा, नाहीतर काहीच दिसत नाही.

दक्षिण मनोऱ्याला वेगळं तिकीट, २८७ पायऱ्या, अरुंद गोल जिना आणि वर-खाली जाणारे त्याच जिन्यावर. गुडघ्यांचं दुखणं असलेल्यांनी हा नाद सोडावा, जुन्या शहरातल्या टाउन हॉलच्या मनोऱ्याला लिफ्ट आहे.

जुन्या राजवाड्यातला व्लादिस्लाव हॉल सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पुरा झाला. तो एवढा मोठा आहे की आत घोड्यांवरून खेळ व्हायचे, आणि घोडे वर आणायला ठेवलेला रुंद, बुटक्या पायऱ्यांचा जिना अजून आहे. बाहेर जाताना बहुतेक जण त्यावरून उतरतात आणि वर बघत नाहीत. तिथली कमानींची गुंतागुंत मात्र बघायलाच हवी. शेजारच्या कचेरीच्या खिडकीतून १६१८ मध्ये राजाच्या दोन अधिकाऱ्यांना आणि त्यांच्या कारकुनाला खाली फेकलं. तिघेही वाचले, युरोप मात्र तीस वर्षं लढत राहिला.

सोनेरी गल्ली छोटी आणि कायम चेंगरलेली असते. २२ नंबरच्या निळ्या घरात लेखक काफ्काने १९१६-१७ मध्ये लिहिण्यासाठी बसकण मारली होती. दुपारी बाराला पहिल्या अंगणात पहाऱ्याची बदली वाजतगाजत होते. ती बघायची तर पावणेबाराला जागा धरा. बाकी दर तासाला होते ती साधी असते, आणि मुलांना तेवढी पुरते.

उतरायला पूर्वेकडचा जुना जिना (स्तारे झामेत्स्के स्खोदी) घ्या. तो थेट मालोस्त्रान्स्का मेट्रोपाशी आणतो. मेट्रोच्या शेजारीच वाल्डश्टाइन बाग आहे. प्रवेश फुकट, पण हिवाळ्यात बंद. मोर मोकळे फिरतात, आणि एका टोकाला गुहेच्या भिंतीसारखा खडबडीत, काळपट कृत्रिम कडा उभा केला आहे. त्यात जनावरांचे चेहरे शोधायला मुलांना बसवा आणि मोठ्यांनी बाकावर पाय पसरावेत. इथून संध्याकाळी कांपा बेटावर जाता येतं किंवा एका स्थानकाची मेट्रो घेऊन हॉटेल गाठता येतं.

दुसरा दिवस: योझेफोव, मग घड्याळ

योझेफोवची सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) आणि दफनभूमी शनिवारी व ज्यू सणांना बंद असतात. तारखा ठरवतानाच हे बघा. नऊला उघडतात तेव्हा पोचा आणि आधी दफनभूमी करा. जागा तेवढीच आणि मृत वाढत गेल्याने माती टाकून थरावर थर रचले, काही ठिकाणी बारापर्यंत. वरच्या थरावर खालच्यांचे दगडही आणून उभे केले, म्हणून सुमारे बारा हजार शिळा एकमेकींवर कलून दाटीने उभ्या आहेत. सगळ्यात जुनी १४३९ ची. पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझी काळात मारल्या गेलेल्या सुमारे ७८ हजार बोहेमियन व मोराव्हियन ज्यूंची नावं हाताने लिहिली आहेत. आडनाव, मग नावं, जन्मतारीख आणि शेवटची माहीत असलेली तारीख. इथे आवाज आणि सेल्फी दोन्ही आवरा. पुरुषांनी डोकं झाकायचं असतं, टोपी दारात मिळते. जुनं-नवं सिनेगॉग तेराव्या शतकातलं आहे आणि तिथे आजही प्रार्थना होते. ते सगळ्या तिकिटांत धरलेलं नसतं, खिडकीवर विचारून मगच पैसे द्या.

इथून जुन्या शहराचा चौक पाच मिनिटं. खगोलीय घड्याळाचा देखावा सकाळी नऊ ते रात्री अकरा, दर तासाला. जेमतेम मिनिटभर चालतो, आणि ‘एवढंच?’ हा उद्गार सगळ्या भाषांत ऐकू येतो. लोक वरच्या दोन खिडक्यांतून फिरणाऱ्या येशूच्या प्रेषितांकडे बघतात. त्याआधी खाली उजवीकडे सांगाड्याकडे लक्ष ठेवा: तो दोरी ओढून घंटा वाजवतो, वाळूचं घड्याळ उलटं करतो आणि मान हलवतो, बाकीचे पुतळे ‘अजून नको’ म्हणून मान नकारार्थी हलवतात. अगदी भिंतीखाली उभे राहिलात तर मान मोडते. पंधरा-वीस पावलं मागे उभे राहा, पाकीट पुढच्या खिशात.

खरी गंमत तासाचा ठोका संपून गर्दी पांगल्यावर. १४१० चं हे यंत्र वाचायला शिका. मराठी माणसाला ते जमायला हवं, कारण हे पंचांगच आहे. पुढच्या क्रमाने बघा.

सोनेरी हात असलेला काटा आतल्या रोमन आकड्यांवर रोजची वेळ दाखवतो. आकडे दोनदा एक ते बारा आहेत, वरचा बारा म्हणजे मध्यान्ह. त्याच काट्यावर सूर्य सरकतो. सूर्य निळ्या भागात असेल तर दिवस, तांबूस पट्ट्यात असेल तर पहाट किंवा संधिप्रकाश, खालच्या काळ्या वर्तुळात असेल तर रात्र. बाहेरच्या काळ्या कड्यावरचे वळणदार सोनेरी आकडे जुनी बोहेमियन वेळ दाखवतात. ती सूर्यास्तापासून मोजायची, म्हणून हे कडं वर्षभर हळूहळू मागेपुढे सरकतं. निळ्या भागातल्या वक्र रेषा दिवसाचे, उदयापासून अस्तापर्यंतचे, बारा समान भाग करतात. उन्हाळ्यात हे ‘तास’ लांबतात, हिवाळ्यात आखडतात.

आता चंद्र बघा. दुसऱ्या काट्यावरचा छोटा गोल अर्धा चांदीचा, अर्धा काळा आहे आणि स्वतःभोवती फिरतो. तो जेवढा चांदीचा दिसेल तेवढी कला. पौर्णिमा-अमावास्या ताडून पाहा. राशीचक्र ताडायला जाल तर मात्र फसाल. घड्याळ सायन आहे, म्हणजे त्याच्या राशी ऋतूंवरून धरलेल्या आहेत, आपल्या पंचांगासारख्या ताऱ्यांवरून नाहीत. त्यातला सूर्य मकरेत शिरतो डिसेंबरच्या २१-२२ ला, आपली संक्रांत १४ जानेवारीची. पंचांगाशी हा फरक सुमारे २४ अंशांचा राहणारच.

चौकात आणखी दोन गोष्टी पायाखाली आहेत आणि त्यामुळेच सुटतात. टाउन हॉलच्या पूर्व बाजूला फरशीत २७ पांढरे क्रूस आहेत: २१ जून १६२१ ला इथे शिरच्छेद व फाशी दिलेल्या २७ बंडखोरांचे. आणि मरियम स्तंभाजवळ जमिनीत एक धातूची पट्टी आहे. हे प्रागचं मध्यान्हवृत्त. स्तंभाची सावली या पट्टीवर आली की शहराची दुपार झाली असं धरत. मूळ स्तंभ १९१८ मध्ये पाडला गेला आणि नवा २०२० मध्ये उभा राहिला, त्यामुळे हे पुन्हा बघता येतं. उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे असल्याने बाराला नव्हे, एकच्या सुमारास या.

संध्याकाळसाठी आणि उरलेल्या वेळेसाठी

एकापाठोपाठ एक पूल दिसणारा तो प्रसिद्ध देखावा लेतनाच्या टेकडीवरून. चेखुव पूल ओलांडून समोरच्या पायऱ्या चढल्या की मोठा मेट्रोनोम (संगीतात ताल मोजणारा हलता काटा) येतो. त्या चौथऱ्यावर १९५५ ते १९६२ स्टालिनचं अजस्र स्मारक होतं. मेट्रोनोमपासून कठड्याने पुढेमागे चालत जाऊन पुलांची रांग सरळ दिसेल ती जागा शोधा.

तिसरा दिवस असेल तर विशेह्राद. लाल ‘सी’ लाइनने त्याच नावाच्या स्थानकावर उतरून दहा मिनिटं चाला. तटावरून नदी दोन्ही बाजूंना दिसते, तट फुकट आहेत आणि गर्दी नाही. दफनभूमीत संगीतकार ड्वोर्झाक व स्मेताना आणि खिडकीवाला मुखा. पेत्रशीन टेकडीवरचा १८९१ चा लोखंडी मनोरा गाठायला फनिक्युलर (दोराने ओढली जाणारी चढावरची रेल्वे) आहे, पण ती दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंद ठेवली होती. चालू आहे का ते त्या दिवशी बघून मगच निघा, नाहीतर पायी चढावं लागेल.

बोटीचं तिकीट पुलावर पांढऱ्या खलाशी वेशात फिरणाऱ्यांकडून न घेता धक्क्यावर जाऊन, फेरी किती वेळेची आणि कुठून कुठे हे विचारून घ्या. उन्हाळ्यात नदी ओलांडून नेणाऱ्या छोट्या सरकारी होड्यांना ट्रामचंच तिकीट चालतं.

पोट आणि पाय

शाकाहारींनी ‘मांस नको’ एवढ्यावर थांबू नये. सूप हाडांच्या पाण्यात केलेलं असतं, आणि साध्या दिसणाऱ्या भाजीत डुकराची चरबी असू शकते. तिला ‘सादलो’ म्हणतात. तो शब्द उच्चारून विचारा. ‘स्माझेनी सीर’ म्हणजे पाव-चुऱ्यात घोळून तळलेलं चीज, जवळजवळ प्रत्येक खानावळीत मिळतं. वर अंड्याचा लेप असतो आणि तेल मांसाच्या तळणाचंच असू शकतं. अंडंही न खाणाऱ्यांनी हॉटेल स्वयंपाकघर असलेलं घ्यावं आणि भारतीय किंवा व्हीगन ठिकाणं आधी नकाशावर टिपून ठेवावीत. नळाचं पाणी पिता येतं, बाटली भरून घ्या. चौकाचौकांत भाजला जाणारा साखरेचा ‘त्रदेल्नीक’ जुनी चेक परंपरा म्हणून विकतात. तो पर्यटकांमुळे फोफावला आहे. एकदा खायला हरकत नाही, पारंपरिक म्हणून जास्त पैसे मोजायला आहे.

बूट जाड तळव्याचे हवेत. फुटपाथ बोटभर चौकोनी दगडांचे आहेत, पावसात निसरडे, आणि चाकांच्या बॅगेला त्यांत जीव नको होतो. मेट्रोचे सरकते जिने नेहमीपेक्षा जलद आणि खूप लांब आहेत. आजी-आजोबांना उजवीकडे उभं करून कठडा धरायला सांगा. मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास थांबते. नंतर ९१ ते ९९ क्रमांकाच्या रात्रीच्या ट्राम चालतात.

परतताना विमानाच्या तीन तास आधी शहरातून निघा. नोटा बदलून मिळतील, पण कोरुनाची नाणी भारतात कुणी बदलून देणार नाही. ती शेवटच्या दिवशी बेकरीत किंवा सुपरमार्केटच्या गल्ल्यावर मोजून संपवा.